बहिरूचे दोनशे बारा ठिपके

मित्रांनो, मला उघडून बघायचं असेल तर आधी मागचा पंखा तपासा, त्यात एक पाल राहते. मी संगणक आहे. वय सात वर्षं, म्हणजे आमच्यात म्हातारा. मुक्काम नाशिकला, गंगापूर रोडच्या बाजूला, एका संशोधन केंद्राच्या अडगळीच्या खोलीत. केंद्राचं नाव विचारू नका. शेजारी एक मोडकी व्हीलचेअर आहे, फिनेलचे कॅन आहेत आणि गणपतीचं थर्माकोलचं मखर आहे. धूळ इतकी साचली आहे की कुणीतरी माझ्या पाठीवर बोटाने 'भंगार' असं लिहून गेलं आहे.

लगेच दया आली ना तुम्हाला? तुम्हा मुलांना मोडक्या खेळण्याचीही दया येते. पण माझी दया करण्याआधी माझी गोष्ट ऐका. मी कुणाचा जीव वाचवलेला नाही. एकाचा घालवायला मात्र मदत केली आहे. माझी डिस्क पुसून टाका, असं मला इथे हलवताना सांगितलं होतं. ज्याला सांगितलं त्याने आळस केला. म्हणून मला सगळं आठवतं, आणि मी सगळं सांगणार आहे. मध्येच रडारड चालणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एमजी रोडवरच्या एका दुकानात झाला. दिनेश नावाच्या कारागिराने माझे भाग जोडले. माझ्याबरोबर जोडलेले बाकीचे संगणक लग्नपत्रिका छापायला आणि बिलं काढायला गेले, बिचारे. माझी स्मरणशक्ती त्या सगळ्यांच्या मिळून दहापट होती. मी केंद्रात आलो तेव्हा माझ्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि सगळ्यांना पेढे वाटले. दर खंडेनवमीला मला झेंडूची माळ असायची. मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

माझं काम काय होतं, ते नीट समजून घ्या. माणसाच्या रक्ताच्या थेंबात लाखो पेशी असतात. पूर्वी त्या सगळ्या एकत्र करून तपासायचे. आता एकेक पेशी वेगळी करून वाचता येते, आणि एकाच पेशीची दोन प्रकारची माहिती मिळते. पहिली माहिती म्हणजे ती पेशी आत्ता कोणती जनुकं वापरते आहे. दुसरी म्हणजे तिच्या डीएनएचा कोणता भाग उघडा आहे आणि कोणता गुंडाळून ठेवलेला आहे. स्वयंपाकघरात आत्ता काय शिजतंय ही एक गोष्ट आणि कोणकोणत्या डब्यांची झाकणं उघडी आहेत ही दुसरी, तसंच हे. दोन्हींचे आकडे वेगळे, मोजायची पद्धत वेगळी. ते आकडे एकत्र जुळवून एकच चित्र काढायचं, हे माझं काम. चित्रात प्रत्येक पेशीचा एक ठिपका. सारख्या पेशींचे ठिपके जवळ, वेगळ्यांचे लांब.

यात एक गोम असते. वेगळ्या दिवशी किंवा वेगळ्या रसायनाने काम केलं की सारख्या पेशीसुद्धा उगाचच वेगळ्या दिसतात. हा खोटा फरक घालवायची युक्ती आहे, तिला आमच्याकडे 'बॅच काढणं' म्हणत. तिचा जोर किती ठेवायचा याचा एक आकडा द्यावा लागतो. कमी दिला तर खोटे फरक राहतात. जास्त दिला तर खरेही पुसले जातात. किती द्यायचा, हे मी कधीच सांगितलं नाही. मला कुणी विचारलं नाही, आणि आगाऊपणा करायची मला सवय नाही.

केंद्राचे प्रमुख होते रंगनाथ सर. हुशार माणूस, बोलायला लागला की समोरच्याने वही काढावी असा. माझ्यावर काम करायची ती राखी. सटाण्याची मुलगी, सव्वीस वर्षांची, सरांच्याच हाताखाली पीएचडीला नाव घातलेली. माझ्याशी ती फार प्रेमाने वागायची. माझ्यावर चहाचा कप कधी ठेवला नाही तिने.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. द्राक्षबागांवर औषध फवारणाऱ्या माणसांच्या रक्तात काही बदल होतो का, हे सरांना शोधायचं होतं. पिंपळगाव बसवंतच्या आसपासचे बारा फवारणीवाले निवडले. तुलनेला शहरातली बारा निरोगी माणसं, कारकून, शिक्षक अशी.

भाद्रपद महिना होता. राखी म्हणाली, "सर, रोज दोन फवारणीवाले आणि दोन निरोगी असे घेऊ या. सगळ्यांचं एकाच खोक्यातल्या रसायनाने व्हायला हवं. नाहीतर फरक औषधाचा की रसायनाचा, ते नंतर कळायचं नाही."

सर हसले. "अगं, परवापासून पितृपक्ष लागतोय. धडधाकट माणूस पितृपक्षात रक्त देईल का? घरचे येऊ देणार नाहीत. आणि नवीन खोकंही या पंधरवड्यात फोडायचं नाही, माझंही ऐक जरा. फवारणीवाले आत्ता रिकामे आहेत, छाटणी सुरू झाली की हाताला लागायचे नाहीत. त्यांचं दोन दिवसांत जुन्या खोक्यातून उरकून टाक. निरोगी घटस्थापनेनंतर."

"पण सर..."

"संगणक कशाला घेतलाय? तो काढेल की बॅच."

झालं. एवढा शिकलेला माणूस, पण पितृपक्षात खोकं फोडायला धजावला नाही. फवारणीवाले सगळे जुन्या रसायनाचे, निरोगी सगळे नव्याचे. म्हणजे पहिल्या प्रकारच्या माहितीचं रसायन बदललं. दुसऱ्या प्रकारच्या माहितीचं मात्र शेवटपर्यंत एकाच खोक्यातलं वापरलं, हे लक्षात ठेवा. तुम्ही विसराल, मला माहीत आहे. राखी विसरली नव्हती.

ते बारा जण टेम्पोने आले. त्यातला एक बहिरू. पंचेचाळीस-सेहेचाळीसचा, सडपातळ, हाताची नखं औषधाने पिवळी पडलेली. रक्त देऊन झाल्यावर माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"ह्येच का ते मशिन? लय मोठं हाय वं!" मग राखीकडे वळून हळूच म्हणाला, "मॅडम, मला सांच्याला ताप येतोय. दात घासताना रगत येतं. ह्याच्यात दिसंल का काय झालंय ते?"

"दिसलं तर नक्की सांगू, काका. संमतीच्या कागदावर तसं लिहिलंच आहे," राखी म्हणाली. आणि तिने त्याला तो कागद वाचून दाखवला. तपासणीत काही वेगळं आढळल्यास आपणास कळवण्यात येईल. बहिरूने खाली सही केली, एकेक अक्षर सुटं सुटं लिहून.

आता मजा ऐका. पेशींचं वाचन बाहेरगावी होऊन आलं आणि मी पहिलं चित्र काढलं. पडद्यावर दोन ढीग. फवारणीवाले एकीकडे, निरोगी दुसरीकडे. होणारच होतं ते, रसायनच वेगळं. राखीने बॅच काढायचा आकडा दोनवर ठेवला. दोन्ही ढीग सरकत सरकत एकमेकांत आले, सारखे ठिपके सारख्यांजवळ जाऊन बसले. फक्त एका कोपऱ्यात थोडे ठिपके राहिले. ते कुणातच जाईनात.

राखीने मोजले. दोनशे बारा. सगळेच्या सगळे एका माणसाचे. बहिरूचे.

तिने आत डोकावून पाहिलं तर त्या कोवळ्या पेशी होत्या, हाडाच्या मगजात असतात तशा. रक्तात त्यांचं काही काम नसतं. तिने मग फक्त दुसऱ्या प्रकारची माहिती घेतली, जिचं रसायन बदललंच नव्हतं, आणि तिच्यावरून नवीन चित्र काढायला सांगितलं. मी काढलं. तेच दोनशे बारा ठिपके, तसेच कोपऱ्यात. वेगवेगळ्या दोन साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली होती. "अरे देवा," ती म्हणाली.

ती धावत सरांना घेऊन आली.

"हे काय कोपऱ्यात?" सरांनी विचारलं.

"सर, बहिरूकाकांच्या पेशी. रक्ताचा कर्करोग असू शकतो."

"बॅच असेल. आकडा वाढव."

"बॅच असती तर बाराही जणांचे दिसले असते, सर. हे एकटेच आहेत."

"मग नमुना खराब झाला. त्या दिवशी लाईट गेली होती ना?"

"तेव्हा बाराही नमुने तिथेच होते, सर. आणि दुसऱ्या माहितीतही तेच येतंय. त्यांना फक्त बोलावू या. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब बघितला तरी अर्ध्या तासात कळेल."

सर खुर्ची ओढून बसले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं, राखी भांडली तरी असती.

"राखी, डिसेंबरात दिल्लीच्या परिषदेत मी हे चित्र दाखवणार आहे. हा कोपरा राहिला की पहिलं बोट तिथेच जाणार. मग विचारतील, निरोगी लोक कधी घेतले, एकत्र का नाही घेतले. काय सांगू? पितृपक्ष होता म्हणून? लोक हसतील तोंडावर. आणि त्याला परत बोलावलंस की नोंद होईल, नोंद झाली की उत्तर द्यावं लागेल. परिषद होऊ दे. मग बघू त्याचं."

"सर, तोवर..."

"चार कर आकडा."

तिने चार केला. दोनशे बारांपैकी निम्मे सरकले.

"सहा कर."

राखीने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे पडद्याकडे. मी काही सांगेन अशी तिला आशा होती की काय कोण जाणे. मी काय सांगणार? तिने सहा दाबला. तीन सेकंद लागले मला. कोपरा रिकामा झाला. बहिरूच्या दोनशे बारा पेशी शहरातल्या कारकुनांच्या आणि मास्तरांच्या पेशींमध्ये जाऊन बसल्या.

"हे बघ!" सर म्हणाले. "रांगोळी काढल्यासारखं आलंय." आणि त्यांनी मला थोपटलं. खरं सांगतो मित्रांनो, मला आनंद झाला. इतकं स्वच्छ चित्र मी तोवर काढलं नव्हतं.

राखी दोन दिवस जेवली नाही, डबा तसाच परत न्यायची. तिसऱ्या दिवशी जेवायला लागली. माणसांचं असंच असतं.

कार्तिकात बहिरू स्वतःच आला. त्याला बोलवायला कुणी गेलं नव्हतं. पिंपळगावहून मोटरसायकलवर आला होता आणि जिना चढून इतकी धाप लागली होती की आधी पाच मिनिटं नुसता बसला. चेहरा पांढराफटक. दंडावर काळेनिळे डाग. राखीने पाणी दिलं.

"मॅडम, आमच्याकडचे डॉक्टर म्हणत्यात, नाशिकला जाऊन हाडातलं पाणी काढून तपासा. म्हणलं, आपलं रगत तर राखी मॅडमकडं हाय, एवढं मोठं मशिन हाय. तुम्हालाच इचारू. तुम्ही जा म्हणाल तर आत्ताच जातो, नको म्हणाल तर घरी जातो."

नीट ऐकलंत ना? तो विचारायला आला होता. एक शब्द हवा होता त्याला. 'जा' म्हणायला कितीसा वेळ लागतो? सर त्यांच्या केबिनमध्ये फोनवर बोलत होते. काचेचं दार उघडं होतं. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. राखीला कुणी डोळे वटारले नव्हते, कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं.

राखीने एकदा काचेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझ्या पडद्यावर तेच चित्र होतं, रांगोळीचं.

"काका," ती म्हणाली, "आमच्याकडे तुमचं सगळं बाकीच्यांसारखंच आलंय. हे बघा ना. काही वेगळं नाही. हाडाचं वगैरे आत्ता नको."

बहिरूने पडद्याकडे पाहिलं. त्याला काय कळणार होतं त्यात? पण तो हसला. हिरड्या रक्ताळलेल्या होत्या.

"मंग झालं! जीवात जीव आला बघा. आमची ही उगाच घोर लावून बसलीया घरी. छाटणी झालीय, आता फवारणी सोडून कुठं दवाखान्यात पडू?" उठताना त्याने माझ्यावर हात ठेवला आणि मग तो हात कपाळाला लावला. मला नमस्कार केला त्याने. मला!

तो माघात गेला. शेवटी नाशिकच्याच एका दवाखान्यात आणला होता, तिथे अर्ध्या तासात निदान झालं, सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब बघून. तीन महिने आधी आला असता तर वाचलाही असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ही बातमी राखीला फोनवर कळली. ती बाथरूममध्ये गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली, तोंड धुऊन. मग माझ्यावर पुढचं काम लावलं.

माझं चित्र मात्र गाजलं. दिल्लीत टाळ्या पडल्या. केंद्राच्या पॅसेजमध्ये ते चौकट करून लावलं, दाराएवढं मोठं. येणारा-जाणारा थांबून बघायचा.

पुढच्या श्रावणात सरांनी एक कार्यक्रम ठरवला. ज्यांनी रक्त दिलं त्या फवारणीवाल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. बहिरूच्या वतीने त्याची बायको साळूबाई आली. तिला पहिल्या रांगेत बसवलं. सरांनी भाषण सुरेख केलं. "पॅसेजमधलं चित्र बघा," ते म्हणाले. "त्यात तुमच्या प्रत्येकाचा अंश आहे." साळूबाईच्या खांद्यावर शाल घातली, फोटो काढले आणि सगळ्यांना उपमा-चहा दिला.

चहा न घेता साळूबाई आत आली. मी जिथे होतो त्या खोलीत. राखी एकटीच होती.

"मॅडम, सर म्हणाले त्या चित्रात आमच्या मालकांचं रगत हाय म्हणून. मी लय वेळ उभी राहून बघितलं. त्यातले आमचे कोणते, तेवढं दावा. घरात त्यांचा एक फोटूसुदिक धड नाय. सगळ्यात डोळे मिटल्याले."

राखी म्हणाली, "मावशी, ते... तसं सांगता येत नाही. सगळे एकत्र आहेत त्यात."

खोटं! साफ खोटं. मला प्रत्येक ठिपका कुणाचा ते पाठ होतं आणि ते राखीला माहीत होतं. साळूबाई शाल सावरून दाराकडे वळली. तेव्हा राखी एकदम म्हणाली, "थांबा मावशी. दाखवते."

ती माझ्यासमोर बसली. बहिरूचे सगळे ठिपके तिने लाल केले, बाकीचे राखाडी. मग जोराचा आकडा सहाचा दोन केला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी जुनं चित्र पुन्हा काढलं. लाल ठिपके थोडे इकडे, थोडे तिकडे, बाकीच्यांच्या गर्दीत. आणि कोपऱ्यात दोनशे बारा, लालभडक.

साळूबाई पदराने डोळे पुसून पुढे झाली. पडद्याला बोट लावलं. "हे समदे त्यांचे?"

"हो."

"आन हे हिकडं असं लांब का बसल्यात?"

"तो... तो आजार होता, मावशी."

साळूबाईने पडद्यावरचं बोट काढलं. खालून कार्यक्रमाच्या खुर्च्या आवरल्याचे आवाज येत होते.

"म्हंजी तुम्हाला दिसत होतं," ती म्हणाली.

राखीने मान हलवली.

"ते आले होते ना तुमच्याकडं दिवाळीनंतर? इचारायला?"

"हो."

"घरी येऊन मला म्हणाले, मशिननं सांगितलं काय नाय म्हणून. लय खूश होते. मी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या."

राखी रडायला लागली. "मी घाबरले, मावशी. मला माफ करा." साळूबाईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या नाहीत, बोटं मोडली नाहीत. मी वाट बघत होतो, मला वाटलं आता पडदा फुटणार. ती त्या कोपऱ्याकडेच बघत होती.

"आधी जसं होतं तसं करा," ती म्हणाली. "बाकीच्यांत मिसळून टाका त्यांना. असं एकटं बसल्यालं मला बघवत नाय."

"मावशी, ते खोटं आहे."

"करा."

राखीकडून दोनदा चुकीचा आकडा पडला. मग सहा पडला आणि मी माझं काम केलं. नेहमीसारखे तीन सेकंद लागले. कोपरा रिकामा झाला आणि बहिरू गर्दीत गेला.

"हां," साळूबाई म्हणाली. "आता चार माणसांत हायेत." तिने शालीची घडी केली, ती राखीच्या मांडीवर ठेवली आणि निघून गेली.

महिन्याभरात राखी नोकरी सोडून गेली. मग केंद्राने भाड्याची मोठी यंत्रं वापरायला सुरुवात केली आणि मला इथे टाकलं. चित्र अजून पॅसेजमध्ये आहे, रोज पुसतात त्याला.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं या वेळी म्हणायचं असतं. माझी घेऊ नका. मला भंगारात द्या, पालीला तेवढं आधी बाहेर काढा. पण उद्या तुम्ही शिकाल, मोठे व्हाल, माझ्यासारख्या एखाद्यासमोर बसाल आणि कोपऱ्यात कुणाचे तरी ठिपके एकटे दिसतील. तेव्हा चित्राची काळजी करू नका. उठा, चपला घाला आणि त्या माणसाच्या घरी जा. आमच्याकडे बघत बसू नका. तुम्ही जो आकडा दाबाल तेच आम्ही दाखवतो, आणि आम्हाला काहीही वाटत नाही.